कागदावरचं पाऊल

"यांना एकदा घेऊनच या ना," दुकानातला माणूस म्हणाला. "कागदावरून काही खरं कळत नाही, मॅडम. पाऊल समोर असलं की दोन मिनिटांचं काम."

व्हर्लीन पेटवेनं मान हलवली, बरं म्हटल्यासारखी, आणि मग तिला कळलं की तो भलत्याच पावलाबद्दल बोलतोय. त्यानं कागद उलटा ठेवला होता. काउंटरवरच्या लोखंडी मापावर तो तपकिरी कागद पसरून त्यानं बोटानं टाचेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर पाहिलं होतं आणि तोंडातल्या तोंडात आकडा पुटपुटला होता. पुरुषाचं पाऊल, लांबट, टाचेशी अरुंद. पेन्सिलीची रेघ दहा वर्षांत फिकी पडली होती, पण होती. खाली कोपऱ्यात तिच्याच अक्षरात 'ओडेल, ईस्टर' असं लिहिलेलं होतं. कागदाच्या दुसऱ्या बाजूला आईचं पाऊल होतं, आज सकाळीच काढलेलं, सुजेनं पसरट झालेलं, आणि व्हर्लीन त्याच्यासाठी इथवर आली होती. आई कागद कधी टाकत नसे. आईच्या बायबलात असे किती कागद दडलेत हे देवालाच ठाऊक. त्यातलाच एक तिनं सकाळी काढून पायाखाली घेतला, आणि व्हर्लीननं पेन्सिल फिरवताना मागे काय आहे ते पाहिलं नाही. तिनं कागद सुलटा केला. "हे नव्हे, हे," ती म्हणाली. आवाज ठीक निघाला. "आईसाठी हवेत. काळे, लेसचे, साधे." मग तिला वाटलं की आपण काहीतरी लपवल्यासारखा कागद झाकलाय, म्हणून तिनं उगाचच हात उचलला.

सकाळपासून खरं तर ती चिडलेलीच होती. शिकागोत येऊन तिला दहा वर्षं झाली होती, आईला अडीच, आणि तरी आई म्हणाली होती, कागद आण. "अगं आई, इथं दुकानात खुर्चीवर बसवतात. बूट पायात घालून बघायला देतात. चालून बघायला देतात." आई खिडकीशी बसली होती, पायांत कापडी सपाता, बोटांपाशी कात्रीनं चिरून सैल केलेल्या. "देत असतील," ती म्हणाली. "गोऱ्या माणसाच्या हातात पाय द्यायला मी काय नाल मारायची घोडी आहे? कागद आण. कागदावर माझं आजवर अडलं नाही." मग तिनं स्वतःच बायबल उघडलं, कागद घेतला, जमिनीवर टाकला, आणि खुर्चीचा हात धरून त्याच्यावर उभी राहिली. व्हर्लीन गुडघ्यांवर बसली. आईच्या पायाला म्हातारपणाचा आणि औषधी मिठाच्या पाण्याचा वास होता. घोट्यापाशी कातडी चकाकत होती. "काळे आण," आई वरून म्हणाली. "लेसचे. त्याच्या पायात होते ना, तसेच. शनिवारी गावी ओडेलच्या थडग्याशी उभी राहीन तेव्हा मायलेकरांचे बूट एकसारखे असू देत." व्हर्लीननं पेन्सिल फिरवली, कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि बस पकडली, आणि सबंध रस्ताभर एकच विचार करत राहिली की असे बूट कसे असतात, कारण ते बूट तिनं कधी पाहिलेच नव्हते.

ते बूट जगात नव्हतेच. ते व्हर्लीननं तोंडानं केले होते, अडीच वर्षांपूर्वी, अलाबामात, कोट्स फेरीच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून. तेव्हापासून आई त्यांच्याबद्दल विचारत आली होती. घासून चकचकीत केले होते का? हो. नवे होते? हो, कोरे. लेस कशी बांधली होती? दुहेरी गाठ होती आई, नीट, दोन्ही फास सारखे. एकदा सुरुवात झाल्यावर हात आखडता घेऊन चालत नाही.

दुकानातल्या माणसाच्या खिशावर वोयचिक असं नाव होतं. साठीचा, पांढरा सदरा, बाह्यांना रबरी पट्ट्या. त्यानं आईचं पाऊल मापावर ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. "हे सकाळी काढलंय की संध्याकाळी?" त्यानं विचारलं. तिला प्रश्न कळला नाही. "सुजणारा पाय दिसतोय. सकाळचा पाय वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आणि बसून काढलं की उभ्यानं?" उभ्यानं, ती म्हणाली. "छान. बसून काढलं की पाऊल अंग चोरतं. आमचे बाबा म्हणायचे, पावलावर वजन पडल्याशिवाय ते खरं बोलत नाही. तेही पोलंडात हेच करायचे, बूटच विकायचे. मला दुसरं काही जमलं असतं तर बघा." तो हसला. ती हसली नाही, पण तिच्या मनात आलं, बसून काढलं होतं. ओडेलचं आपण बसून काढलं होतं.

त्या ईस्टरला तो सोळा वर्षांचा होता. तोवर त्यानं वडिलांचे बूट घातले होते. वडील गेले तेव्हा आईनं त्यांना मोज्यांवर पुरलं; घरात बुटांचा एकच जोड होता आणि तो जिवंत माणसाच्या कामाचा होता. पेटीचं झाकण लावताना आईनं वडिलांच्या पायांवर शाल नीट पसरली होती, दोनदा, आणि त्याबद्दल ती पुढे कधी बोलली नाही. वाट्यानं केलेल्या शेतीत त्या वर्षी कापूस बरा आला आणि आई म्हणाली, पोरगा चर्चमध्ये गाणार आहे, त्याला स्वतःचे बूट घेऊ. हॅस्केटच्या दुकानात आपल्या माणसांनी बूट पायात घालून बघायचे नाहीत, ही तिथली रीत. आपण घातलेला बूट मग गोऱ्यानं घालायचा कसा? त्यामुळे घरून कागद न्यायचा. मागच्या दारानं जायचं, पोत्यांपाशी उभं राहायचं, कागद द्यायचा, तो बूट आणून द्यायचा, पैसे मोजायचे, निघायचं. लहान झाला तर तुमचं नशीब. "कागद तुमचा, चूक तुमची," हॅस्केट म्हणायचा, आणि आईला, जिला तिच्या चर्चमध्ये सगळे मिसेस पेटवे म्हणत, तो मुलाच्या वयाचा माणूस मोलकरणीला म्हणावं तसं आंटी म्हणायचा. ओडेल पायरीवर बसला होता आणि व्हर्लीननं त्याच्या पायाखाली कागद धरला होता. पेन्सिल तळव्याच्या कडेला लागली की त्याला गुदगुल्या व्हायच्या. तो हसायचा, पाय ओढायचा, ती त्याच्या नडगीवर चापट मारायची. सव्वीस वर्षांची होती ती तेव्हा. महिनाभरात शिकागोला जायचं ठरलेलं, मनानं अर्धी तिथं पोचलेलीच. चुलीपाशी आई मक्याचा पाव उलटत होती. तिथून म्हणाली, "पेन्सिल सरळ धर गं." धरलीय, व्हर्लीन म्हणाली. धरली नव्हती. पेन्सिल तिरकी होऊन पायाखाली शिरत होती आणि रेघ सगळीकडून आत, आत येत होती, अर्ध्या बोटानं.

बूट आले तेव्हा त्यानं ते चर्चच्या फाटकापर्यंत हातात नेले. सगळेच तसं करायचे. दोन मैलांची धूळ बुटांना कशाला लावायची. फाटकाशी ओढ्यात पाय धुतले, पुसले, आणि मग ते पाय बुटांत घालताना त्याचा चेहरा कसा झाला हे फक्त व्हर्लीननं पाहिलं. "लहान झाले?" तिनं हळूच विचारलं. आई पुढे निघून गेली होती. "चालतील," ओडेल म्हणाला. "ताई, आईला बोलू नकोस. एवढ्या पैशांचे आहेत." आणि तो आत जाऊन तासभर गायला, सरळ उभा राहून, वरच्या पट्टीत. ते बूट त्यानं दोन वर्षं घातले. नंतर एकदा सुट्टीत ती घरी गेली तेव्हा तो ओसरीवर अनवाणी बसला होता आणि तिला दिसलं, त्याच्या दोन्ही पायांच्या करंगळ्या शेजारच्या बोटांखाली शिरल्या होत्या. कायमच्या. तिनं विचारलं, दुखतं का रे? त्यानं पाय मागे घेतला. "पायांना सवय झालीय," तो म्हणाला. "तू बघतेस कशाला?"

"तुम्ही बसा ना जरा," वोयचिक म्हणत होता. "मी आतून दोन-तीन जोड आणतो." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. दहा वर्षांत या शहरात तिनं बूट घेतले नव्हते असं नाही. पण ती घ्यायची ते कोपऱ्यावरच्या दुकानातून, मांडणीवरून स्वतः खोका उचलून, आकडा बघून. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहायचं, वाफेत. पाय दुखणार हे ती धरूनच चालली होती. इथं, या गालिच्यावर, गुळगुळीत चामड्याच्या वासात, तिला उगाचच वाटत होतं की कुणीतरी येऊन विचारेल, तुझं इथं काय काम. कुणी विचारलं नाही. समोर एक गोरी बाई एका पायात लाल आणि एका पायात निळा बूट घालून आरशासमोर फिरत होती आणि नवऱ्याला म्हणत होती, सांग ना, सांग ना, आणि नवरा वर्तमानपत्रातून वर बघत नव्हता. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पुन्हा ते युद्धाचे आकडे होते, या आठवड्यात किती मेले. व्हर्लीननं नजर वळवली. ओडेल असाच एका गुरुवारी आकड्यात आला असणार. एक. त्यात त्याचं नाव नव्हतं, करंगळ्या नव्हत्या, वरची पट्टी नव्हती.

त्याला तिकडं तिनंच पाठवलं होतं. आई हे जाणून होती, सगळे जाणून होते, आणि आईनं त्याबद्दल आजवर एक शब्द काढला नव्हता, आणि तेच व्हर्लीनला सगळ्यात जड जायचं. पासष्ट साली आईनं मतदारयादीत नाव घातलं. साठी उलटलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही करून आली, आणि आठवड्याभरात गोऱ्या जमीनमालकानं त्याबद्दलच घर रिकामं करायला सांगितलं. चाळीस वर्षांचं घर. आणखी काही कुटुंबांबरोबर आई रस्त्याकडेच्या माळावर तंबूत राहायला गेली. त्या हिवाळ्यात तंबूत चिखल, थंडी, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींतून गोरे गोळ्या झाडायचे. ओडेल बंदूक घेऊन पहाऱ्याला बसायचा. व्हर्लीनला शिकागोत अन्न गोड लागेना. तिनं लिहिलं, तू तिथं मरशील. माझं ऐक, सैन्यात नाव घाल. तिथं निदान सरकार तुझ्या बाजूचं असेल, पगार मिळेल, तो आईला पाठव, पायात धड बूट मिळतील. खरंच लिहिलं होतं तिनं तसं, बुटांचं. गंमत म्हणून. त्यानं ऐकलं. तो तिचं ऐकायचाच. आणि छावणीवरून त्याचं पहिलं पत्र आलं ते बुटांबद्दलच: 'ताई, इथं माप उभं करून घेतात, पाठीवर ओझं देऊन, दोन्ही पायांचं वेगवेगळं. सार्जंटनं माझ्या करंगळ्या बघून विचारलं, हे काय रे? मी म्हटलं, माझ्या बहिणीची चित्रकला. तो पोट धरून हसला. ताई, बूट असे बसलेत की काय सांगू. पाय कुठं संपतो ते मला आत्ता कळलं.' ते पत्र तिनं धुलाईखान्यातल्या बायकांना वाचून दाखवलं होतं. सगळ्या हसल्या होत्या. तीही हसली होती. किती सुखाचा दिवस होता तो, आणि आपल्याला कळलंही नाही, असं तिला आता वाटलं, आणि तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

वोयचिक तीन खोके घेऊन आला. तो छोट्या स्टुलावर बसला आणि बसताना त्याचा गुडघा वाजला. "आईंसाठी हा घ्या, रुंद आहे, आत मऊ कातडं आहे," त्यानं एक जोड काढला. काळा, लेसचा, साधा. व्हर्लीननं तो हातात घेतला. असे होते का? असेच असतील. तिनं आईला जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं, आणि तो नुसता एक बूट होता. तेवढ्यात वोयचिक तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "राग मानू नका, मॅडम, पण तुमचेही लहान होतायत. टाच बघा कशी बाहेर आलीय. काढा जरा." आणि ती नाही म्हणायच्या आत त्यानं वाकून तिचा बूट सैल केला, टाच तळहातावर घेतली आणि पाय लोखंडी मापावर ठेवला. "उभ्या राहा. वजन टाका." ती उभी राहिली. खाली तिला त्याचं टक्कल दिसत होतं, विरळ केस, मानेवरचे डाग. एक म्हातारा गोरा माणूस तिच्या पायाशी वाकला होता आणि त्याला त्यात काहीच वाटत नव्हतं. रोजचं काम. इतकं सोपं होतं हे. बोट टेकवायचं, आकडा बघायचा. इतकंच करायला हवं होतं हॅस्केटनं, एकदा, त्या ईस्टरला, आणि जन्मभराच्या दोन करंगळ्या सरळ राहिल्या असत्या. तिला कृतज्ञता वाटायला हवी होती, निदान बरं वाटायला हवं होतं. तिला राग आला. मापाच्या थंड लोखंडावर तिनं सगळं वजन टाकलं. "एक आकडा कमी घालताय तुम्ही," वोयचिक खालून म्हणाला. "किती वर्षं?" दहा, ती म्हणाली. मग म्हणाली, नाही, पहिल्यापासूनच.

स्वतःसाठी तिनं काही घेतलं नाही. आईचा जोड घेतला. पैसे देताना तो म्हणाला, "बसले नाहीत तर परत आणा. पावती ठेवा. आणि आईंना आणा, खरंच. आणि ते दुसरं पाऊल कुणाचं, यजमानांचं? त्यांनाही आणा, तो कागद बघूनच सांगतो, त्यात गडबड आहे. माणसाचं पाऊल इतकं अरुंद नसतं." "भावाचं," व्हर्लीन म्हणाली. पुढचं ती सांगू शकली असती. तो भला माणूस होता, त्यानं चष्मा काढून काहीतरी बरं म्हटलं असतं. पण तिनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "विचारते त्याला."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला स्वतःच्या त्या दोन शब्दांचं नवल वाटत राहिलं. किती सहज खोटं बोलता येतं आपल्याला. त्या दिवशीही असंच सहज आलं होतं. पेटी आगगाडीनं आली, झेंड्यात गुंडाळून, बरोबर एक सार्जंट, पांढरे हातमोजे घातलेला, आपल्यातलाच, पंचविशीचा. पुरणारा माणूस म्हणाला, उघडून कपडे नीट करू का? तेव्हा सार्जंट तिला बाजूला घेऊन गेला, कोळशाच्या ढिगापाशी, आणि म्हणाला, "ताई, उघडू देऊ नका. चेहरा ठीक आहे म्हणतात, पण मीही पाहिलेला नाही. सुरुंग होता. मांड्यांच्या खाली काही नाही आहे. आईला बघू देऊ नका." तो हे सांगताना तिच्याकडे बघत नव्हता, त्यानं हे आधी किती घरांत सांगितलं असेल. आणि मग चर्चमध्ये पहिल्या बाकावर आई सगळ्यांदेखत वळली. रडत नव्हती. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. "व्हर्लीन," ती म्हणाली, "त्याच्या पायात बूट आहेत ना? तुझ्या बापासारखं नाही ना पाठवलं त्याला?" आणि व्हर्लीन म्हणाली, "आहेत आई. मी पाहिले." मागच्या बाकावरच्या सार्जंटनं स्वतःच्या हातमोज्यांकडे बघितलं. आईनं डोळे मिटले आणि तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, हे व्हर्लीनला स्पष्ट दिसलं. म्हणून ती पुढे बोलत गेली. काळे आहेत. लेसचे. चकचकीत.

ती घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीतून स्वयंपाकघराच्या जमिनीवर होतं. आई खुर्चीवर बसून परातीत पाय सोडून होती. शेगडीवर भाजीचा पाला शिजत होता, डुकराच्या हाडाबरोबर. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी रेडिओवर बेसबॉल चालू होता. "किती वेळ," आई म्हणाली. "बूट विणायला घेतले होते की काय?" व्हर्लीननं खोका उघडून तिच्यापुढे धरला. आईनं हात पुसले, एक बूट उचलला, उलटा केला, तळ दाबून बघितला, आत बोटं घालून बघितली. मग नाकाशी नेला. तिचा चेहरा मऊ झाला. "असेच?" तिनं विचारलं.

"घालून तर बघ," व्हर्लीन म्हणाली.

तिनं आईचे पाय परातीतून काढले, टॉवेलात घेतले, पुसले. बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. मोजे चढवले. आई खुर्चीचे हात धरून बसली होती आणि नाल मारायच्या घोडीबद्दल काहीतरी पुटपुटत होती, पण पाय तिनं मुकाट्यानं पुढे केला. बूट गेला. टाच आत बसली. थोडा सैल, सुजेला जागा ठेवून. "बाई गं," आई म्हणाली, "आत अंगण आहे की." मग दुसरा. मग ती खाली वाकून बघायला लागली. आणि म्हणाली, "आता बांध. दुहेरी गाठ घाल. त्याची होती तशी."

व्हर्लीननं लेसची दोन टोकं हातात घेतली. एकावर एक टाकली, ओढली. तिला ही गाठ येत होती, सगळ्यांना येते. ओडेलला तिनंच शिकवली होती. पण तिची बोटं तिथंच राहिली. शनिवारी आई या बुटांत तिथं उभी राहील, खाली बघेल, आणि मातीच्या खाली असाच जोड आहे असं धरून त्याच्याशी बोलेल. आणि मी शेजारी उभी असेन. हे माझ्याच्यानं होणार नाही, असं तिला वाटलं, आणि वाटलं तोवर ती बोलायलाही लागली होती, खाली बघूनच, बुटाशी बोलल्यासारखी. "आई, मी बूट पाहिले नाहीत."

"काय?"

"त्याच्या पायातले. मी पाहिले नाहीत. पेटी उघडलीच नव्हती. त्या सार्जंटनं सांगितलं, उघडू नका." तिनं श्वास घेतला. "बूट नव्हते, आई. पायच नव्हते."

खालच्या रेडिओवर लोक ओरडले, कुणीतरी काहीतरी जिंकलं होतं. आईच्या पायाचं वजन व्हर्लीनच्या हातावर होतं आणि ते हललं नाही. आई म्हणाली, "आणि गाठ?"

"मी मनानंच सांगितलं."

"दोन्ही फास सारखे म्हणालीस."

"हो."

"रोज निजताना मी ती गाठ बघायचे," आई म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती. जे होतं ते सांगत होती. "त्याचा चेहरा मला दिसेनासा झालाय, व्हर्लीन. वर्ष झालं असेल. डोळे मिटले की नुसतं धुरकट काहीतरी येतं. पण ती गाठ दिसायची. म्हणायचे, बरं बांधलंय कुणीतरी पोराचं."

व्हर्लीनला तेव्हा वाटलं की आपण आता दुसऱ्यांदा त्याला आईपासून नेलं. माफ कर म्हणणं तिच्या ओठांवर आलं, पण आई काही ते ऐकायला थांबली नव्हती, आणि आपण बोललो तर ते आपल्याच सोयीचं होईल हे तिला कळत होतं. ती तशीच जमिनीवर बसून राहिली. पाला उतू जाऊन शेगडीवर चुरचुरला. आईनं वाकून, कष्टानं, स्वतःच पहिला बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही शेजारी शेजारी खोक्यात ठेवले, कागद होता तसा वर घातला. "पाणी गार झालं," ती म्हणाली. व्हर्लीन उठली, शेगडी बंद केली, किटलीतलं गरम पाणी परातीत ओतलं. आईनं पाय घातले नाहीत. ते मोज्यांत तसेच जमिनीवर टेकलेले होते.

"तो कागद कुठाय?"

पर्समध्ये होता. व्हर्लीननं तो दिला. आईनं तो मांडीवर उलगडला, स्वतःचं पाऊल बघितलं, मग उलटा केला. मागे काय आहे हे तिला सकाळीही माहीत होतं, हे व्हर्लीनला तिच्या हातावरून कळलं. तो कागद तिनं चुकून काढलेला नव्हता. ती त्या फिक्या रेघेवरून बोट फिरवत राहिली, टाचेवरून, कडेवरून, सावकाश. "हे कमी काढलंयस तू," ती म्हणाली. "मी चुलीपाशी उभी होते, तरी मला दिसत होतं. पोर गळा मोकळा करून गायला त्या दिवशी आणि घरी येऊन मागच्या पायरीवर बसून बोटं चोळत होता. मला वाटलं, सांगेल. त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पैसे गेले होते." ती थांबली. "एवढंच राहिलंय आपल्याकडं त्याच्या पायांचं. हे तरी नीट कर. पेन्सिल आण."

व्हर्लीन पेन्सिल घेऊन आली आणि सकाळी बसली होती तिथंच गुडघ्यांवर बसली. आईनं कागद जमिनीवर ठेवला, उन्हाच्या पट्ट्यात, आणि खुर्चीवरून वाकून त्यावर आपला हात ठेवला, टाचेच्या जागी, कागद हलू नये म्हणून. "सरळ धर," ती म्हणाली.

तिनं सरळ धरली. पण टेकवायला काही नव्हतं. जुन्या रेघेच्या बाहेर नुसता कोरा कागद होता, आणि त्यात तो किती होता, कुठवर होता, हे आता कुणाला विचारायचं? आईच्या हाताच्या कडेनं तिनं सुरुवात केली. अर्धं बोट सोडून, टाचेकडून वर, सावकाश, पाय ओढला जाईल अशी भीती असल्यासारखी. तळव्याची कड. मग अंगठा, त्याला तिनं भरपूर जागा ठेवली. मग एकेक बोट. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून ती मान मागे घेत होती आणि पेन्सिल मात्र सोडत नव्हती. करंगळीपाशी येऊन तिचा हात थांबला.

"आई, ही कशी काढू? वाकडी?"

आईनं कागदावरचा हात काढला नाही. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

"सरळ काढ," ती म्हणाली. "तेव्हा सरळच होती."